ब्रेक लायनर आणि ग्रीस: १९३० च्या फोर्ड मॉडेल एच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत उतरला. गाडी शिवडीच्या शेडमध्ये झाकून ठेवली आहे. आता दसऱ्याशिवाय ती बाहेर निघणार नाही. गाडी काकांची, आणि दसऱ्याला ती स्वतःच्या ब्रेकवर थांबली पाहिजे ही अटही त्यांचीच. तेव्हा पावसाळाभर हेच काम.

गाडी म्हणजे फोर्ड मॉडेल ए, १९३० ची. उजव्या हाताचं स्टिअरिंग, चार सिलिंडर, ३.३ लिटर, ४० अश्वशक्ती. आपल्याकडे या गाड्या कॅनडाच्या फोर्डकडून यायच्या. रंग, हूड, सीट हे सगळं मागच्या मालकाने झकास करून घेतलं आहे. थांबायची मात्र बोंब. पेडल जवळजवळ फळीला टेकतं, गाडी डावीकडे ओढते आणि दोन-चार सिग्नल झाले की मागून जळका वास येतो.

ज्यांनी ही गाडी उघडलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच: यात ब्रेक ऑइल हा प्रकारच नाही. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये आणले, शेव्हर्लेने १९३६ मध्ये. मॉडेल एमध्ये पेडल दाबलं की एक आडवा शाफ्ट फिरतो आणि तो चार चाकांकडे जाणाऱ्या चार दांड्या ओढतो. दांडी ओढली की चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आतले कमानीसारखे शू बाहेर सरकतात आणि त्यांच्यावरची पट्टी, म्हणजे लायनर, ड्रमला घासून चाक थांबवतं. बाकी सगळा जोर पायाचा.

विचारलं त्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला: लायनर बदला. मी लायनरचे पैसे आत्ताच काढणार नाही. आधी पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो का ते पाहायचं.

१४ जून

मागचे ड्रम काढणं हेच पहिलं मोठं काम. अ‍ॅक्सलचं टोक निमुळतं असतं आणि हब (चाकाचा मधला भाग) त्यावर घट्ट बसलेला असतो. टोकाच्या नटावर हातोडा मारून हब सोडवायची पद्धत बऱ्याच गॅरेजमध्ये आहे. त्याने आटे जातात आणि डिफरन्शियललाही (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या पेटीलाही) मार बसतो. हबच्या कडेला खाच असते, तिला धरणारा पुलर लागतो. तयार मिळाला नाही. लेथवाल्याकडून दोन तुकड्यांचा करून घेतला, २,८०० रुपये. पुलर ताणून ठेवला आणि चहा घ्यायला बसलो, तेवढ्यात हब आपणहून फटकन सुटला. त्या वेळी समोर कोणी उभं राहू नये. नट पूर्ण काढू नका, चार आटे अडकलेले ठेवा, म्हणजे हब उडून पडत नाही.

आतली धूळ हवेने उडवायला मिस्त्रींनी कॉम्प्रेसरची नळी उचलली होती. त्यांना थांबवलं. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते. साबणाचं पाणी फवारून, ओल्या चिंध्यांनी पुसून, चिंध्या पिशवीत बांधून टाकल्या. मिस्त्री म्हणाले, "दादा, चाळीस वर्षं हवाच मारतोय." त्यांचा खोकलाही तितकाच जुना असावा.

आत दोन्ही बाजू काळ्या, चिकट. पण दोन्हीकडचा चिकटा एक नव्हता. उजवीकडचा पातळ, तार सुटणारा, आणि बोटावर चोळून नाकाशी नेला तर गंधकाचा वास. म्हणजे ते डिफरन्शियलचं गिअर ऑइल. डावीकडचा तपकिरी, लोण्यासारखा, वास नाही. ते हबच्या बेअरिंगचं ग्रीस. उजवीकडे आतलं सील गेलं आहे, डावीकडे कोणीतरी ग्रीस गन लावून हात मोकळा सोडला आहे. अशा ड्रममध्ये नवं लायनर बसवलं असतं तर दोन महिन्यांत तेही भिजलं असतं.

तेल प्यायलेलं लायनर थिनरने धुऊन परत लावायचा विचार डोक्यातून काढा. वरून कोरडं दिसतं, पण गरम झालं की आतलं तेल पुन्हा पृष्ठावर येतं.

२२ जून

आज दांड्यांचा हिशेब. मी पेडलवर, मिस्त्री खाली टॉर्च घेऊन. पेडल दोन इंच खाली गेलं तरी मागची दांडी जागची हलली नाही. एवढा प्ले, म्हणजे सैलपणा, कुठे जातो? थोडाथोडा सगळीकडे. दांड्यांच्या टोकांच्या फोर्कमधल्या पिना झिजून कमरेत बारीक झालेल्या, भोकं लांबट झालेली, आणि आडव्या शाफ्टचे बुश (ज्यांत तो फिरतो त्या नळ्या) एका बाजूने खाल्लेले.

शाफ्टचे बुश का गेले तेही कळलं. त्यांचे ग्रीस निपल (ग्रीस आत भरायची छोटी तोंडं) रंगाखाली गाडलेले होते. गाडी नवी करताना चासीला काळा रंग मारला तो सरसकट, निपलांवरूनही. रंग खरवडून गन लावली तर ग्रीस आत जाईना. निपल उघडून पाहिलं तर आतला मार्ग जुन्या ग्रीसने बुजून दगड झालेला. तीन मिलिमीटरचं ड्रिल हातानेच फिरवत पोखरलं, रात्रभर डिझेलमध्ये ठेवलं, मग कुठे दुसऱ्या टोकाने ग्रीस डोकावलं.

म्हणजे जिथे ग्रीस नको तिथे ते भरपूर, आणि जिथे हवं तिथे कित्येक वर्षं गेलेलंच नाही. लायनरला दोष देणारे सगळे या दोन्ही जागा न पाहताच बोलत होते.

२९ जून

भोकं वेल्डिंगने भरून पुन्हा अडीच सुताची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पाडून घेतली. पिना नागदेवी स्ट्रीटवरून. तिथे अडीच सूत मागितलं की काही दुकानदार ८ मिलिमीटर पुढे करतात आणि "सेमच आहे" म्हणतात. सेम नाही. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर, ८ ची पिन भोकात ठोकून बसते आणि मग फोर्क फिरत नाही. व्हर्निअर खिशात घेऊन जा.

निपलही बदलले. जुन्या निपलचं डोकं आताच्या गनच्या तोंडात धरत नाही, बाजूने ग्रीस फुटतं. नवे घेताना आटे बघून घ्या, मेट्रिक निपल दोन आटे जातो आणि अडकतो. निपल, पिना, बुश आणि वेल्डिंग मिळून साडेसहा हजारांच्या आसपास.

सगळं परत जोडल्यावर पेडल अर्धा इंच हललं की चारही दांड्या ताणल्या जातात. अजून एक पैसाही लायनरवर गेलेला नाही.

१२ जुलै

ड्रम मोजले. मूळ माप ११ इंच, आणि टर्निंग करून (लेथवर घासून) ६० थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवलेलं चालतं. पुढचे दोन्ही २० थाऊच्या आत, एक हलका हात मारला की झालं. मागचे मात्र गेलेले. एका बाजूने मोजलं तर ७० थाऊ, नव्वद अंशांत फिरवून मोजलं तर ९०. लालबागचा टर्नर मालवणचा. डायल गेजची सुई नाचताना बघून म्हणाला, "साहेबांनू, ह्यो ड्रम गोल खंय आसा?"

मूळ ड्रम दाबलेल्या पत्र्याचे. गरम झाले की फुगतात आणि लायनरपासून लांब जातात; उतारावर पेडल हळूहळू खाली जातं ते यामुळेच. हल्ली बिडाचे ड्रम मिळतात, अमेरिकेतून मागवावे लागतात. मागचे दोन मागवले. जड माल, त्यामुळे वाहतूक आणि कस्टम धरून ६० हजारांच्या वर गेले. संपूर्ण कामातला हा सर्वांत मोठा खर्च, आणि काकांना सांगताना सर्वांत जास्त वेळ लागला तोही याचाच.

चोरबाजारातही फिरून आलो. मटण स्ट्रीटवर एकाने "फोर्डचेच" म्हणून जे ब्रेक शू दाखवले ते शेव्हर्लेचे निघाले. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीतच शेव्हर्ले जोडत असे, त्यामुळे तसले सुटे भाग इथे फोर्डच्या नावाने खपवले जाणं नवल नाही.

२६ जुलै

ड्रम येईपर्यंत पुढच्या शूवर लायनर मारून घेतलं. गल्लीतल्या लायनरवाल्याने टेम्पोला वापरतात तसलं कडक, साच्यातलं लायनर लावलं. दोन तासांत काम, १,२०० रुपये.

दिसायला छान, पण पकड नाही. कडक लायनर हायड्रॉलिकच्या दाबावर चालतं, इथे नुसता पाय आहे. शेडच्या आवारात गाडी ढकलून मी पेडलवर उभा राहिलो तरी पुढची चाकं रेंगाळत थांबली. शिवाय ड्रमला खडू फासून फिरवल्यावर शूवर खडू फक्त मधोमध उमटला. ड्रम टर्निंगने मोठा झाला आहे, शूची गोलाई जुन्या मापाची, म्हणून टोकं टेकतच नाहीत. निम्मं लायनर फुकटच बसलं होतं.

सगळं उखडलं. विणलेलं, मऊ, अ‍ॅस्बेस्टॉसविरहित लायनर शोधलं. रोलमध्ये मिळतं, हव्या लांबीचं कापून घ्यायचं. मूळ जाडी दीड सूत. मी थोडं जाड घेतलं, कारण गोलाई जुळवताना घासून जाणार आहे.

३ ऑगस्ट

लायनर मारायची रीत जरा सविस्तर, कारण दुकानात हेच घाईत होतं.

पट्टी शूवर क्लँपने आवळायची आणि रिव्हेट मधल्या भोकापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे जायचं. टोकांकडून आलात तर मध्ये फुगा राहतो. त्या फुग्यावर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. रिव्हेट पितळी. डोकं लायनरमध्ये इतकं खोल बसलं पाहिजे की जाडीचा निम्म्याहून जास्त भाग झिजायला उरेल, पण खाली पुरेशी पट्टीही राहिली पाहिजे, नाहीतर रिव्हेट लायनर फाडून वर येतो. भोकाचं तोंड रुंद करायला सपाट टोकाचं ड्रिल घ्या. टोकदार ड्रिलने शंकूसारखा खड्डा पडतो आणि विणलेल्या पट्टीचे धागे सुटतात. दोन्ही टोकांना कानशीने उतार द्यायचा, म्हणजे ड्रमची कड लायनरला एकदम पकडत नाही.

मग शू बॅकप्लेटवर (ज्या ताटलीवर ते बसतात तिच्यावर) जागच्या जागी जोडून टर्नरने लायनरच ड्रमच्या मापाला घासून दिलं. धूळ उडू नये म्हणून शेजारी व्हॅक्यूमचा पाइप धरला. आता खडू जवळजवळ पूर्ण शूवर उमटतो.

चिकटवलेलं लायनर का नको, असं दोघांनी विचारलं. चालतं, वाईट नाही. पण पुढच्या वेळी ते काढायला शू भट्टीत घालावे लागतात. रिव्हेट मी शेडमध्ये बसून फोडू शकतो.

२० ऑगस्ट

मागचे ड्रम आले. ते हबवर चाकाचे स्टड दाबूनच बसतात, आणि स्टड दाबताना ड्रम किंचित तिरका होतो. म्हणून नवा कोरा ड्रम असला तरी हबवर बसवल्यानंतरच टर्निंगचा शेवटचा हात मारायचा. तसा मारून घेतला.

आणि काल पावसाने मुंबई बुडवली. हार्बर लाइन बंद, शिवडीला पोचणंच शक्य नव्हतं. आज आलो तर ताज्या टर्निंगवर गंजाचा पिवळा थर. एका रात्रीत. मुंबईच्या हवेत बीड उघडं ठेवायचं म्हणजे हे होणारच. पॉलिश पेपरने काढलं, वर मशीन ऑइलचा हात मारून वर्तमानपत्रात गुंडाळलं. जोडायच्या आधी हे तेल थिनरने पूर्ण पुसायचं आहे, म्हणून ड्रमवर खडूने मोठ्या अक्षरात "तेल" लिहून ठेवलं.

लेथ आता बंद. २७ ला गणपती, टर्नर आणि त्याचा पोऱ्या कोकणात. विसर्जन झाल्याशिवाय परतणार नाहीत. हे कॅलेंडर पाहूनच काम आखायला हवं.

१० सप्टेंबर

सील आणि तेल. खरी मेख इथे होती.

मागच्या अ‍ॅक्सलमध्ये फोर्डने ६०० डब्ल्यू हे तेल सांगितलं होतं. मुळात ते वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरचं तेल, काकवीइतकं जाड. या गाडीत भरलं होतं साधं ९० नंबरचं गिअर ऑइल, गंधकाच्या वासाचं. त्या काळची सीलं जाड तेल अडवायला केलेली. ९० नंबर त्यांच्या कडेने पाझरतं, अ‍ॅक्सल ट्यूबमधून चालत जातं आणि ड्रममध्ये उतरतं. वळणावर गाडी कलली की आणखी.

औद्योगिक तेलांच्या दुकानात ६८० ग्रेडचं स्टीम सिलिंडर ऑइल मिळालं. डब्यातून सुटं द्यायला तो तयार नव्हता, मग ओळखीच्या आणखी एका जुन्या गाडीवाल्याबरोबर डबा वाटून घेतला. नवी सीलं दोन्ही बाजूंना. जुनं तेल गरम करून, म्हणजे चाकं वर घेऊन इंजिनवर थोडं फिरवून, मग काढलं. नवं भरताना गाडी सपाट जमिनीवर हवी आणि लेव्हलच्या प्लगमधून तेल डोकावलं की थांबायचं. "थोडं जास्त असू दे" हा हिशेब इथे थेट लायनरवर येतो.

मागच्या हबचं बेअरिंग हाताने भरलं. तळहातावर लिथियम ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची कड त्यावर दाबत राहायचं. रोलरांच्या मधून वरच्या बाजूला ग्रीस किड्यांसारखं बाहेर आलं की तेवढी जागा भरली. मग पुढची. हबच्या पोकळीत भर घालायची नाही. मिस्त्रींना हे कंजूषपणाचं वाटलं.

किंग पिनला (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं त्या उभ्या पिनेला) मात्र हात आखडू नये. पण चाक जमिनीवर असताना गन मारली तर वजन असलेल्या बाजूला ग्रीस शिरत नाही. जॅकवर घेऊन, स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवत मारा. बाहेर आधी काळं, मग तपकिरी, मग स्वच्छ येतं; स्वच्छ आलं की पुसून टाका. स्टिअरिंग बॉक्समध्ये ग्रीस भरायचं नाही, तिथेही तेच जाड तेल. ग्रीस दात्यांपासून एकदा बाजूला सरकलं की परत येत नाही.

ब्रेकच्या आत, शूचे रोलर ज्या पट्ट्यांवर सरकतात तिथे उष्णता सोसणारं ग्रीस नखाच्या टोकावर येईल एवढंच.

२१ सप्टेंबर

जुळवणी. क्रम महत्त्वाचा आहे.

पुढच्या ब्रेकचा जोर किंग पिनच्या पोकळीतून खाली जाणाऱ्या एका पिनने पोचतो. ही पिन टोकाला झिजली की वरचा हात जास्त फिरतो आणि ओढ वाया जाते. प्ले काढल्यावर तो हात उभ्या रेषेपासून १५ अंश पुढे झुकलेला हवा. मोबाइलमधल्या कोनमापकाने पाहिलं: उजवा बरोबर, डावा जवळजवळ सरळ उभा. डावीकडे पिनवर छोटी पोलादी चकती ठेवून लांबी भरून काढली.

मग दांड्यांची लांबी. हात सैल असताना पिन भोकात सहज सरकली पाहिजे, ओढून बसवायची नाही. ही लांबी एकदाच ठरवायची. पुढे लायनर झिजलं की बॅकप्लेटमागचा चौकोनी डोक्याचा स्क्रू फिरवून शू बाहेर आणायचे. दांड्या आखडायच्या नाहीत. मागच्या कारागिराने दांड्याच आखडल्या होत्या, म्हणून गाडी डावीकडे ओढत होती.

चारही चाकं स्टँडवर. खाचा पाडलेली लाकडी पट्टी सीट आणि पेडलमध्ये अडकवली. पहिल्या खाचेला मागची चाकं घासू लागली पाहिजेत. पुढच्या खाचेला मागची हाताने हलता कामा नयेत आणि पुढची जोर लावून फिरली पाहिजेत. चौघांचं जमायला संध्याकाळ झाली.

२८ सप्टेंबर

पहाटे शिवडी ते कॉटन ग्रीन. व्हीए नंबरची, म्हणजे व्हिंटेज म्हणून नोंदलेली, गाडी रोजच्या वापराला चालत नाही, देखभालीसाठी, पेट्रोल भरायला, प्रदर्शनाला किंवा रॅलीला काढता येते. हे देखभालीत मोडतं.

ताशी तीसच्या वेगावरून हलके ब्रेक, मध्ये थंड व्हायला वेळ. नव्या लायनरचा वास येतो, घाबरू नये. ड्रमवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला: तीन चाकं ६० ते ७० अंशांत, उजवं मागचं १०५. ड्रम पुन्हा उघडला. रोलरच्या पट्टीवर जुनी खाच पडली होती, रोलर तीत उतरून बसत होता आणि शू पूर्ण मागे येत नव्हता. पट्टी भरून घासली. आता चारही सारखी.

मग केम्प्स कॉर्नरकडून मलबार हिलच्या चढावर. पाय काढून नुसत्या हँडब्रेकवर गाडी थांबली. मॉडेल एचा हँडब्रेक वेगळा असतो, मागच्या ड्रममध्येच आतल्या बाजूला स्वतंत्र पट्टा. त्याचं लायनर कोरडं होतं, बदललं नाही.

४ ऑक्टोबर

परवा झेंडूची माळ घालून काकांनी स्वतः चालवली. बसपुढे थांबायला आताही आधीच विचार करावा लागतो, पण गाडी सरळ थांबते. एकूण खर्च लाखाच्या थोडा आत, त्यात ड्रमच साठ हजारांवर. कडक लायनर आणि ते उखडणं यात गेलेले पैसे वाया.

फोर्डने चासीला दर ५०० मैलांनी ग्रीस सांगितलं आहे. आमची वर्षाकाठी तेवढी चालतच नाही, म्हणून पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा.

राहिलेलं काम: डावीकडच्या अ‍ॅक्सल हाउसिंगच्या टोकाला बेअरिंगने चर पाडला आहे. तिथे स्लीव्ह बसवावी लागेल, पुढच्या पावसाळ्यात. तोवर तिथून ग्रीस सरकण्याची शक्यता आहेच, म्हणून त्या हबचा निपल काढून प्लग लावला आहे, कोणी प्रेमाने गन लावू नये यासाठी.